परक्या भाषेची घरच्या अंगणात ओळख

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



यंदाच्या वर्धापनदिनी मी चार शब्द बोलावेत असे आपल्या चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मला वाटले, त्या थट्टाच करीत आहेत. भाषणाला विद्वान बाया असतात. माझे शिक्षण सातवीपर्यंत. धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी कोणी नव्हते म्हणून शाळा सुटली, ती सुटलीच. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "शनिवारच्या वर्गात तुम्ही जे पाहिलं, तेवढंच सांगा." तेवढे मात्र मला सांगता येईल. चुकले तर सांभाळून घ्यावे.

गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. माझी मुलगी तेव्हा सहावीत होती. तिच्या शाळेत जगातल्या निरनिराळ्या देशांची ओळख व्हावी म्हणून एक समारंभ ठेवला होता. एकेका मुलाला एकेक देश वाटून दिला. हिच्या वाट्याला जपान आला. शाळेतून चिठ्ठी आली की, मुलांना त्या त्या देशाचा पोशाख करून पाठवावे. आम्ही पोशाख भाड्याने आणला, कागदाचा पंखा केला, केसांत काड्या खोवल्या. मुलगी बाहुलीसारखी दिसत होती. आजूबाजूच्या बायका पाहून गेल्या, मलाही बरे वाटले.

समारंभ थाटात झाला. देशाचे नाव पुकारले की मूल पुढे येई, टाळ्या पडत, फोटो निघे. पाहुण्या म्हणून आलेल्या बाईंनी हिला कौतुकाने विचारले, "काय गं, जपानात आईला काय म्हणतात?" हिला येईना. ती गर्दीतून माझ्याकडे पाहू लागली. मी खाली पाहिले, कारण मलाही येत नव्हते. बाईंनी तिच्या पाठीवर हात फिरवला आणि त्या पुढच्या देशाकडे वळल्या. घरी आल्यावर पोशाखाची घडी घालता घालता मुलगी म्हणाली, "आई, मी तिथं काहीच नव्हती करून राहिली. नुसती उभी होती."

शाळेला मी दोष देत नाही. एका वर्गात इतकी मुले असताना शिक्षिकांनी तरी काय काय पाहावे? मला लागले ते दुसरेच. मुलीने माझ्याकडे पाहिले आणि मी नजर चुकवली. "बाबांना विचार," "बाईंना विचार," असे म्हणायची मला इतकी सवय झाली होती की, आपणही एखादी गोष्ट शोधून काढू शकतो हे माझ्या ध्यानातच येत नसे. पोराने अभ्यासातले काही विचारले की पदर खोचून स्वयंपाकघरात निघून जायचे, हा माझा नेम. तुमच्यापैकीही काहीजणी तसेच करीत असाल. हसू नका, खरे आहे की नाही?

त्या रात्री भांडी झाल्यावर आम्ही मायलेकी फोन घेऊन बसलो आणि जपानात आईला काय म्हणतात ते शोधले. दुसऱ्याच्या आईला किंवा आपल्या आईला हाक मारताना 'ओकासान' म्हणतात. पण आपल्याच आईविषयी परक्या माणसाशी बोलताना म्हणतात 'हाहा'. मुलगी इतकी हसली की तिचे बाबा उठून आले. मग मीही हसले. चार दिवस घरात माझे नाव हाहा होते!

त्या हसण्यातून पुढचे सारे निघाले. रोज रात्री एक शब्द, असे आम्ही ठरवले. थोड्या दिवसांत एक नवल ध्यानात आले. जपानी अक्षरे आपल्यापेक्षा अगदी निराळी, पण ती म्हणण्याचा क्रम ओळखीचा: आ, ई, ऊ, ए, ओ, आणि मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. हे तर आपल्या मुळाक्षरांचेच भावंड! त्याला कारण आहे. बौद्ध ग्रंथांबरोबर संस्कृत वर्णमालेचा अभ्यास चीनमार्गे जपानात गेला, आणि तिथल्या पंडितांनी आपली अक्षरे लावताना तो क्रम पुढे ठेवला. वाक्याची रचनाही आपल्यासारखीच. आपण म्हणतो, "मी संत्रे खाते." त्यांचे वाक्य, "वाताशी वा मिकान ओ ताबेमास." मी, मग संत्रे, मग खाणे. इंग्रजीत खाणे मधे येते आणि संत्रे शेवटी. तिथेच आपली मुले अडखळतात. आपण "छान आहे ना?" म्हणतो, तसा तेही वाक्याच्या शेवटी 'ने' लावतात. इतके दिवस जपान मला फार लांबचा देश वाटत होता. तो एकाएकी शेजारच्या आळीत आल्यासारखा झाला.

भगिनींनो, आपल्या मराठी मुलुखातल्या एका खेड्याची हकीकत मी तेव्हा वाचली. छत्रपती संभाजीनगरपासून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादपासून, सुमारे पंचवीस किलोमीटरवर गाडीवाट म्हणून गाव आहे. गावाला धड रस्ता नव्हता. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेने 2019 साली चौथी ते आठवीच्या मुलांना विचारले, "तुम्हांला कोणती परदेशी भाषा शिकायला आवडेल?" पुष्कळ मुलांनी जपानी सांगितली. का, तर त्यांना यंत्रमानव कसे बनवतात ते शिकायचे होते. शाळेत जपानी येणारे कोणी नव्हते आणि पुस्तकही नव्हते. शिक्षकांनी आणि मुलांनी इंटरनेटवरून मिळेल ते गोळा करून सुरुवात केली. ती वार्ता शहरातल्या एका भाषा जाणणाऱ्या गृहस्थांच्या कानी गेली आणि 2020 साली, शाळा बंद असताना, ते फोनवरून विनामूल्य शिकवू लागले. साडेतीनशेवर मुलांच्या त्या शाळेत सत्तरएक मुले जपानी शिकू लागली. सगळ्यांच्या घरी फोन कुठला असणार? म्हणून त्यांनी 'विषय मित्र' नेमले. ज्याच्या घरी फोन त्याने धडा ऐकायचा आणि ज्याच्या घरी नाही त्याला जाऊन शिकवायचा.

यातली दोन कामे मला फार शहाणपणाची वाटली. एक, भाषा मुलांनी निवडली. वाटून दिली नव्हती. दुसरे, शिकलेला शब्द लगेच दुसऱ्याला सांगायचा होता. आमच्या मुलीच्या समारंभात हेच राहून गेले होते. तिला पोशाख मिळाला, पण त्या भाषेत कुणाशी बोलायचे आणि काय बोलायचे, ते मिळाले नाही. बोलायला माणूस नसेल तर शब्द किती दिवस राहणार?

मग मी ही गोष्ट आपल्या मंडळात काढली. तुम्हांपैकी पुष्कळजणींना तो दिवस आठवत असेल, कारण त्या दिवशी बराच वाद झाला. एक भगिनी म्हणाल्या, "पोरांना धड मराठी लिहिता येत नाही, आणि तुम्ही जपानी कुठे काढता?" दुसऱ्या म्हणाल्या, "इंग्रजी आलं म्हणजे पोटाची सोय होते, बाकी कशाला?" आणि एक भगिनी, ज्यांचे घर रोजच्या कमाईवर चालते, हळूच म्हणाल्या, "ताई, आमची पोरं कुठं जाणार आहेत जपानला?" पहिल्या दोघींना उत्तर देणे सोपे होते. या तिसरीचे बोलणे माझ्या मनात राहिले. शेवटी अध्यक्षीणबाईंनी शनिवारी दुपारचा एक तास मंडळाची खोली द्यायची परवानगी दिली. फी नाही, पोशाख नाही, वही घरची, अशा अटी आम्ही घातल्या. पहिल्या शनिवारी चौदा मुले आली.

पहिला धडा जपानीचा नव्हताच. मी टेबलावर भाजीची पिशवी ओतली आणि म्हटले, "यातले परदेशी कोण कोण ते ओळखा." मुले गोंधळली. बटाटा, टमाटर आणि मिरची या तिघांचे माहेर अमेरिका खंड. नावांची गंमत तर आणखीच. बटाटा, कोबी, अननस, काजू, पाव हे शब्द आपल्याकडे पोर्तुगीज लोकांबरोबर आले. नवऱ्याचा पगार, घराची चावी आणि मिस्त्रीचे घमेलेही त्यांचेच. शेवटी मी संत्रे वर ठेवले. आपला संस्कृतातला 'नारंग' शब्द इराणात गेला, तिथून अरबांकडे, अरबांकडून स्पेनला जाऊन 'नारांखा' झाला आणि इंग्रजीत 'ऑरेंज' झाला. जे नाव आपली मुले परकी भाषा म्हणून पाठ करतात, ते आपल्याकडूनच फिरायला गेलेले. त्या दिवशी मुलांनी मोठ्या नकाशावर दोऱ्या लावून भाज्यांचे आणि शब्दांचे प्रवास दाखवले. त्या नकाशाला एक पैसा खर्च आला नाही. दोरा माझ्या शिवणाच्या डब्यातला होता.

दुसऱ्या शनिवारी शेजारणी बोलावल्या. आपल्या नागपुरात काय कमी आहे? एकाच गल्लीत तेलुगू, सिंधी, बंगाली, छत्तीसगढी बोलणाऱ्या बाया आहेत. प्रत्येकीने आपल्या भाषेत तीन गोष्टी शिकवल्या: पाणी कसे मागायचे, आभार कसे मानायचे, आणि बाळाला निजवताना काय म्हणायचे. गोंडी बोलणाऱ्या एक आजी आल्या होत्या. "माझी भाषा कोण शिकते बाई?" म्हणत आधी लाजल्या आणि मग तासभर उठेनात. मला तेव्हा हिस्लॉपसाहेबांची आठवण झाली. त्यांच्या नावाचे कॉलेज आपण रोज पाहतो. ते 1845 मध्ये नागपुरास आले. हेतू धर्मप्रसाराचा होता, पण मराठी शिकून, खेडोपाडी हिंडून त्यांनी गोंडी शब्द आणि गाणी टिपून ठेवली. 1863 साली ते वारले आणि 1866 मध्ये त्यांचे कागद छापून निघाले. समुद्रापलीकडचा माणूस आपल्या शेजारणीची भाषा ऐकायला इतक्या लांबून आला, आणि आपण भिंतीपलीकडची भाषा ऐकत नाही!

मग जपानी. रोजचे नमस्कार, दहापर्यंत आकडे, बाजारहाट. एका मुलाने भाजीवाला व्हायचे, बाकीच्यांनी भाव विचारायचा. मराठी बोलला की त्याने एक गाणे म्हणायचे. जपानी शाळांतली मुले आपला वर्ग स्वतः झाडतात आणि पुष्कळ शाळांत दुपारचे जेवण एकमेकांना वाढतात, हे कळल्यावर आम्हीही तसा एक शनिवार केला. आपण जेवणापूर्वी श्लोक म्हणतो तसे तेही 'इतादाकिमास' म्हणतात, ते म्हणून सगळ्यांनी पोहे खाल्ले. मुलांनी ताटल्या धुतल्या, खोली झाडली. मुलगे झाडत होते, हे पाहायला दारात बायकांची गर्दी झाली! आपल्या जवळच सेवाग्रामला गांधीजींच्या नव्या तालमीत सफाई हा धडाच होता, हे मुलांना त्याच दिवशी सांगितले.

सेवाग्रामचे नाव निघाले म्हणून सांगते. जपानचे बौद्ध साधू फुजी गुरुजी 1933 साली वर्ध्यास येऊन गांधीजींना भेटले. पुढे तिकडचा एक साधू आश्रमात राहिला आणि त्याची जपानी प्रार्थना आश्रमाच्या प्रार्थनेत मिळून गेली. जपानशी युद्ध पेटले तेव्हा इंग्रज सरकारने त्या साधूला पकडून नेले. माणूस गेला, पण त्याची आठवण म्हणून गांधीजींनी ती प्रार्थना चालू ठेवली. पुस्तकातून पाठ केलेले शब्द परीक्षेनंतर जातात; माणसाबरोबर आलेले शब्द माणूस गेल्यावरही राहतात. आम्ही मुलांना कामठीच्या ड्रॅगन पॅलेस बुद्धविहारातही नेले. जपानच्या नोरिको ओगावा यांच्या साहाय्याने ते 1999 साली उभे राहिले. जाण्यापूर्वी मुलांना सांगितले, "फोटो मागाहून. आधी पाच मिनिटे गप्प बसा आणि काय ऐकू येते ते लिहा." परत येताना बसमध्ये ती पाने वाचली, तेव्हा आम्ही मोठ्या बायका त्या शांततेत किती थोडे ऐकत होतो ते कळले.

आता सर्वांत महत्त्वाचे सांगते. आपल्या एका सभासद भगिनींचा मुलगा नोकरीनिमित्त जपानात आहे. त्याच्या शेजारच्या मुलांना आमच्या मुलांनी पत्रे पाठवली. चित्रे काढली, वर मोडकीतोडकी जपानी आणि खाली मराठी. सर्वांनी संत्र्याचे चित्र काढले होते, कारण 'मिकान' हा शब्द सर्वांना येत होता. दीड महिन्याने उत्तर आले. त्या मुलांनी आपल्या शाळेचे, पांढऱ्या टोप्या घालून जेवण वाढणाऱ्या मुलांचे चित्र पाठवले होते आणि एक प्रश्न विचारला होता: "तुमच्याकडे संत्र्याच्या झाडाला फुले केव्हा येतात?"

भगिनींनो, खोलीत नऊ मुले आणि पाच बाया होतो. संत्रानगरीत जन्मलो, पण एकालाही सांगता येईना. मुलांनी माझ्याकडे पाहिले. दोन वर्षांपूर्वी मी खाली पाहिले होते. या वेळी म्हटले, "मलाही ठाऊक नाही. चला, विचारून येऊ." शेजारच्या काकूंचे माहेर काटोलकडचे, त्यांच्या घरी बाग. त्यांनी सांगितले की, संत्र्याला दोन बहार. आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळ दिवाळीच्या सुमारास. मृग बहाराची फुले पाऊस लागला की, आणि फळ फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. झाडाला फूल येण्याआधी पाणी तोडून ताण द्यावा लागतो, हेही सांगितले. मुलांनी ते सारे लिहून घेतले. आणि तिथेच एक मुलगा उठून बोलू लागला. ज्या भगिनींनी "आमची पोरं कुठं जाणार जपानला?" असे विचारले होते, त्यांचा मुलगा. त्याचे वडील कळमन्याच्या बाजारात हमाली करतात. कोणते संत्रे कोणत्या महिन्यात येते, साल कशी असते, पेटी कशी भरतात, सगळे त्याला पाठ. एरवी तो मागच्या कोपऱ्यात बसायचा. त्या दिवसापासून उत्तराचे पत्र त्यानेच सांगितले आणि बाकीच्यांनी लिहिले.

त्याच्या आईला मला आता उत्तर देता येते. बाई, तुमचा मुलगा जपानला जाईल की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण त्याच्या वडिलांच्या कामात जगाला विचारावेसे वाटेल असे ज्ञान आहे, हे त्याला कळले. आणि ते जपानच्या एका प्रश्नामुळे कळले. मराठीचे काय होणार, असे विचारणाऱ्या भगिनींनाही हेच सांगेन. परक्याला सांगायचे म्हटले की आपले नीट शोधावे लागते. या एका पत्रापायी मुलांनी जेवढे मराठी लिहिले, तेवढे मी त्यांना कधी लिहिताना पाहिले नव्हते.

आमच्या वर्गात उणीव नाही असे नव्हे. परीक्षा आल्या तेव्हा चौदांची नऊ मुले राहिली. शिकवणारे आम्ही स्वतःच शिकाऊ. उच्चार चुकतात, व्याकरण तर कळतच नाही. खरा जाणकार मिळाला पाहिजे. पण गाडीवाटच्या शाळेकडेही सुरुवातीला जाणकार नव्हता. काम दिसले तेव्हा तो आला. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवलेले रणजितसिंह डिसले गुरुजी तुम्हांला ठाऊक आहेत. 2020 साली त्यांना दहा लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले आणि त्यातले अर्धे त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिले. त्यांचा एक उपक्रम असा की, ज्या देशांचे आपसांत वैर, त्यांच्या मुलांना एकमेकांशी बोलायला लावायचे. भारताच्या मुलांनी पाकिस्तानच्या, इस्रायलच्या मुलांनी पॅलेस्टाईनच्या. मोठी माणसे बोलेनाशी होतात, तेव्हा लहानांनी तरी बोलावे. आपल्या गल्लीतही दोन घरे एकमेकांशी बोलत नाहीत, त्यांची मुले शनिवारी शेजारी शेजारी बसतात, हे तुम्ही पाहिलेच आहे.

मंडळापुढे माझे मागणे तीन गोष्टींचे. एक, शनिवारचा तास पुढल्या वर्षीही राहू द्यावा. दोन, आपल्या वस्तीतल्या शाळांच्या बाईंना भेटून विनंती करावी की, देशोदेशींचा समारंभ जरूर करावा, पण भाड्याच्या पोशाखाऐवजी मुलांना पाच वाक्ये आणि एक प्रश्न द्यावा. हवे तर मदतीला आम्ही येऊ. तीन, ही तुमच्याकडेच मागते. मुलाने विचारले आणि आपल्याला आले नाही, तर नजर चुकवू नका. "मला येत नाही, चल शोधू," एवढे म्हणा. हे म्हणायला सातवीही लागत नाही.

माझी मुलगी आता आठवीत आहे. परवा तिने शाळेच्या वहीत आईविषयी निबंध लिहिला. मथळा मराठीत होता, पण खाली कंसात तिने एक शब्द जपानी अक्षरांत लिहिला होता. बाईंनी विचारले, "हे काय?" तिने वर्गाला वाचून दाखवले आणि सगळा वर्ग हसला, "हाहा!"